जुना ट्रंपेट घ्यायचाय, काय काय तपासू?

केतकीचा_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये गेल्या वर्षी बिगुल वाजवायची. आता सरांनी तिला ट्रंपेटवर घेतलंय. शाळेत ट्रंपेट दोनच आणि वाजवणारी पोरं पाच, त्यामुळे "जमलं तर स्वतःचा घ्या" असा निरोप आला. नव्याच्या किमती बघून मी गप्प बसलो. पोरीचा उत्साह मार्चपर्यंत टिकेल की नाही हेही माहीत नाही, म्हणून सेकंडहँड बघतोय.

साताऱ्यात एक मिळतोय. विकणाऱ्याचे काका बँडमध्ये होते, त्यांचा आहे म्हणे. १८ हजार सांगतोय. फोटोत सोन्यासारखा चमकतोय, फक्त दोन गोष्टी खटकल्या. एक, जिथे तोंड लावतात त्या पहिल्या नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात. विचारलं तर म्हणाला, "चिंचेनं घासलाय, त्याचा रंग आहे." दुसरं, पुढची एक नळी हलत नाही. त्यावर म्हणाला, "ती हलवायची नसतेच."

मला यातलं काही कळत नाही. मी लहानपणी पेटी वाजवायचो, तेवढंच. जाऊन नक्की काय बघायचं?

गंजलेला_खिळा
सर्वात आधी सोसायटीची एनओसी बघा.

तिखटमीठ
पॉपकॉर्न घेऊन बसले.

खडकीकर
बावीस वर्षं लष्करी बँडमध्ये कॉर्नेट (ट्रंपेटचा आखूड बांध्याचा भाऊ) आणि ट्रंपेट वाजवला, त्यामुळे या धाग्यावर थोडं लांब लिहितो.

चमक बघू नका. हे पहिलं. वरचं लॅकर (पारदर्शक लेप) उडालेलं असेल, पितळ काळं पडलं असेल, भोंग्याला पोचा असेल, तरी वाद्य उत्तम असू शकतं. आणि आरशासारखा चकाकणारा ट्रंपेट आतून मेलेला असू शकतो. उलट जुन्या वाद्यावर फार चकाकी दिसली तर मला संशय येतो. बफिंगच्या चाकावर धरून घासलेला असतो, आणि घासताना पत्रा पातळ होतो. भोंग्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, त्यावर नख फिरवा. अक्षरं पुसट, कडा गुळगुळीत झाल्या असतील तर समजा की पितळ उतरलंय.

जीव असतो तो पिस्टनमध्ये, म्हणजे बोटांनी दाबायच्या त्या तीन दट्ट्यांत. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षा कमी असते. ती झिजून वाढली की हवा गळते, सूर विरघळतात, वरचे स्वर लागतच नाहीत, आणि पोरगी समजते की आपल्यालाच जमत नाही. तपासायची रीत सोपी आहे, वाजवता यायची गरज नाही. पिस्टन दाबायचा नाही. त्या पिस्टनची स्लाइड (त्याला जोडलेली सरकती नळी) इंचभर बाहेर ओढायची, तशीच धरून पाच-सहा आकडे मोजायचे, आणि मग पिस्टन दाबायचा. बाटलीचं बूच उडावं तसा 'पॉक्' आवाज आला तर पिस्टन धरून आहे. काहीच आवाज आला नाही तर मधल्या वेळात हवा आत शिरली, म्हणजे गळती. तिन्ही पिस्टनना करा.

आता यातली मेख. विकणारा हुशार असेल तर तुम्ही यायच्या आधी जाड तेल घालून ठेवतो. जाड तेलानं झिजलेला पिस्टनसुद्धा तासभर 'पॉक्' करतो. म्हणून आधी पिस्टन बाहेर काढायला सांगा, सुती फडक्यानं कोरडा पुसा, अंगावर उभे ओरखडे किंवा मुलामा उडून पिवळं पितळ दिसतंय का बघा, मग पातळ तेलाचे दोन थेंब टाकून परत तपासा. काढू देत नसेल तर चहा प्या आणि परत या.

न हलणाऱ्या नळीबद्दल: "हलवायची नसतेच" हे साफ खोटं. तिसऱ्या पिस्टनची स्लाइड वाजवताना हलवावीच लागते. पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबला, किंवा तिन्ही दाबले, की खालचे ते दोन सूर मुळातच चढे येतात. ती स्लाइड बोटानं पुढे सरकवून उतरवायचे असतात. म्हणून तर तिला अंगठी असते.

प्राजक्ता_७
ट्रंपेटचं माहीत नाही, पण चिंचेचं माहीत आहे. आमच्याकडे दर दिवाळीला समया, घंगाळ, तांब्या-पितळेची सगळी भांडी चिंच-मिठानं निघतात. चिंच जास्त वेळ लागून राहिली की पितळेवर गुलाबी झाक येते हे खरंय. त्यामुळे तो माणूस खोटं बोलतोय असं लगेच धरू नका.

धातूवाला
प्राजक्ता, निरीक्षण बरोबर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी सारख्या दिसतायत. जरा तपशिलात जातो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वाद्यांत साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असं पिवळं पितळ सर्रास असतं. काही भोंगे ८५-१५ चे असतात, रंगानं जरा सोनेरी-लालसर. चिंचेतलं आम्ल पृष्ठभागावरचं थोडं जस्त खातं, मागे तांब्याचा अगदी पातळ थर राहतो, तीच ती गुलाबी झाक. ती पसरट असते, सगळीकडे सारखी असते आणि पॉलिशच्या फडक्याचे चार हात मारले की जाते.

दुसरा प्रकार आतून होतो. वाजवणाऱ्याची थुंकी, खाल्लेल्या अन्नाचे कण, दमट हवा हे सगळं पहिल्या नळीत (ट्रंपेटवाले तिला लीडपाइप म्हणतात) साचून राहतं. तिथून जस्त झिरपत निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. बाहेरून दिसेपर्यंत नळीची भिंत आतून बरीच खाल्लेली असते. हे ठिपक्याठिपक्यांनी येतं. गोल गुलाबी डाग आणि मध्ये बारीक काळसर बिंदू. घासलं तरी जात नाही, गेल्यासारखं वाटलं तरी परत येतं. यावर औषध नाही, नळी बदलायची एवढंच.

तेव्हा प्रश्न असा विचारा: गुलाबी रंग फक्त लीडपाइपवर का? चिंच लावली असेल तर भोंग्याला, बाकीच्या नळ्यांनाही लावली असेलच ना? शिवाय लॅकर शाबूत असेल तर चिंच पितळेपर्यंत पोचतच नाही.

शक्य असेल तर मुख्य स्लाइड (पुढच्या, भोंग्याकडच्या टोकाची, सूर लावायची) काढून लीडपाइपमधून खिडकीकडे बघा. आतून गुळगुळीत, चकचकीत हवी. हिरवट थर आणि खड्डे दिसले तर नको. मोबाईलला लावायचे बारीक कॅमेरे मिळतात, त्यानं तर आतलं सगळं स्वच्छ दिसतं.

प्राजक्ता_७
वा, चिंचेमागचं रसायन आज कळलं. आईला सांगते, फार वेळ भिजवून ठेवते ती.

बाजेवाला_नगर
खडकीकर साहेबांना रामराम. तुमचं लष्कर, सगळं शिस्तीत. आमचं लग्नाचं बँड पथक आहे, तीन पिढ्या. थोडं आमचंही ऐका.

या धाग्यावर लौकरच कुणीतरी येऊन म्हणणार की मेरठचा माल घेऊ नका, जपानी घ्या, अमेरिकन घ्या. आम्ही आयुष्यभर मेरठच्या जली कोठीतला माल वाजवला. लग्नसराईत दिवसाला दोन वराती, उन्हात, धुळीत, वर जनरेटरचा धूर. पाय घसरून बाजा रस्त्यावर आपटतो, उचलायचा आणि पुढच्या गाण्याला लागायचं. पोचा पडला तर पंधरा मिनिटांत कारागीर काढून देतो. सुटा भाग हाताशी मिळतो. परदेशी बाज्याची एक स्प्रिंग तुटली तर महिनाभर वाट बघा. शाळेच्या पोरीला काय कमी आहे त्यात?

आणि तेलाचं म्हणाल तर आमचे आजोबा खोबरेल घालायचे.

खडकीकर
मास्तर, रामराम. मेरठच्या वाद्यांनी या देशातले निम्मे बँड उभे केलेत, मी कमी लेखत नाही. पण दोन प्रकारचा माल येतो हे तुम्हीही मान्य कराल. एक वाजवायचा, एक दिवाणखान्यात टांगायचा. नवख्याला फरक कळत नाही. टांगायच्या ट्रंपेटचे पिस्टन दाबताना वाळू चावल्यासारखं वाटतं.

खोबरेलबद्दल मात्र भांडणार. डिसेंबरात पहाटेच्या परेडला आमच्या एका नव्या पोराचे तिन्ही पिस्टन गोठून बसले होते. घरून खोबरेल आणलेलं. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते थिजतं, हे त्याच्या आईच्या लक्षात आलं असतं, त्याच्या नाही.

बाजेवाला_नगर
😄 टांगायच्या मालाचं मान्य. खोबरेलचंही मान्य. आजोबा हिवाळ्यात रॉकेलनं धुवायचे, ते आत्ता आठवलं.

जर्सीकर_जोशी
इकडे न्यू जर्सीत शाळेत चौथी-पाचवीपासून बँड असतो, त्यामुळे दर सप्टेंबरला घरोघरी हा प्रश्न पडतो. बहुतेक पालक वाद्य महिन्याच्या भाड्यानं घेतात. मी हुशार! भाड्यात पैसे कशाला घालवायचे म्हणून पॉन शॉपमधून (गहाणवटीच्या दुकानातून) ट्रंपेट उचलला. नावाजलेल्या अमेरिकन कंपनीचा, केस सुद्धा मखमली.

घरी आल्यावर कळलं की माउथपीस (तोंड लावायचा सुटा तुकडा) आत अडकलंय. कुणीतरी ठोकून बसवलं होतं. मी काय केलं असेल? पकड घेतली. एका हातानं ट्रंपेट दाबून धरला आणि पिळला. माउथपीस निघालं नाही, पण लीडपाइप धरून ठेवणारी पट्टी डाकातून सुटून हातात आली, नळी पिरगळली ती वेगळीच. दुरुस्तीवाल्यानं एक छोटं स्क्रूचं यंत्र लावलं आणि अर्ध्या मिनिटात माउथपीस बाहेर. त्या कामाचे पैसेही घेतले नाहीत. पट्टी आणि नळीचे मात्र घेतले, आणि ते वर्षभराच्या भाड्याएवढे झाले.

सांगायचा मुद्दा, जाताना माउथपीस काढून परत बसवून बघा. सहज निघायला हवं, आणि बसल्यावर डगडगायला नको.

गंजलेला_खिळा
जोशीबुवा, आमच्याकडे नळ दुरुस्तीला येऊ नका.

तिखटमीठ
ट्रंपेटपेक्षा सॅक्सोफोन का नाही घेत? तोही पितळेचाच, दिसतोही भारी. माझ्या मामेभावाकडे एक पडून आहे.

मडगांवकार
सॅक्सोफोन पितळेचा असला तरी ब्रास वाद्य नव्हे. त्यात वेताची जीभ असते, क्लॅरिनेटसारखी. ब्रासमध्ये कंपन ओठांचं. अडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये पेटंट घेतलं, तेव्हापासून हा घोळ चालू आहे.

तिखटमीठ
म्हणजे पितळेचं आहे पण पितळी नाही. आणि बासरी?

मडगांवकार
चांदीची असली तरी लाकडी कुटुंबातली.

तिखटमीठ
आणि शंख?

धातूवाला
ओठांचं कंपन, त्यामुळे हिशेबानं ब्रास. समुद्रातून फुकट मिळतो, गळती नाही, गंज नाही. केतकीच्या बाबांनी विचार करावा.

अवली_अण्णा
मग आपली तुतारीही ब्रासच की! पिस्टन नाहीत, झिजायचा प्रश्नच नाही. तुतारी घ्या, पुढे-मागे राजकारणातही उप

अवली_अण्णा
अर्धवट गेलं. उपयोगी पडेल.

व्यवस्थापक
तुतारीवरून राजकारणाकडे जाणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहू या.

मडगांवकार
विषयावर येतो. आमच्या घरी ब्रास तीन पिढ्या. गोव्यात पॅरिशच्या (चर्चच्या) शाळेत पोरांना आधी सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) घोकायला लावत, मग हातात व्हायोलिन नाहीतर कॉर्नेट देत. तिथून मग मुंबईची हॉटेलं, सिनेमाची रेकॉर्डिंगं. हळदोण्यात जन्मलेला ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हा आमच्या आजोबांचा देव. त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतल्या पाश्चात्त्य बाजामागे तो असायचा.

पण मला सांगायचंय ते जुन्या इंग्रजी वाद्यांबद्दल. मी चोर बाजारात एक सुरेख कॉर्नेट घेतला. चांदीचा मुलामा, पिस्टन लोण्यासारखे, तिन्ही 'पॉक्', लीडपाइप आरसा. खडकीकरांच्या सगळ्या परीक्षांत पहिला आला असता. घरी आणून भावाच्या कीबोर्डबरोबर वाजवला तर प्रत्येक सूर चढा. मुख्य स्लाइड शेवटपर्यंत बाहेर ओढली, तरी चढाच.

आजोबा हसायला लागले. म्हणाले, हा जुन्या उंच पट्टीचा. इंग्रजांच्या बँडची पट्टी तेव्हा आजच्यापेक्षा चढी होती. आज आपण ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतो, त्यांचा ए ४५२ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर फरक. इंग्लंडातले ब्रास बँड तर १९६० च्या दशकापर्यंत तीच पट्टी धरून होते. अख्खा बँड त्या पट्टीत असेल तर काही बिघडत नाही, एकटा बाजूला निघाला की संपलं. स्लाइड ओढून एखादा सूर जुळवाल, पण पिस्टनच्या नळ्या लांडीच राहतात, त्यामुळे सुरांमधली अंतरं बिघडतात.

तो कॉर्नेट अजून भिंतीवर आहे. बाजेवाला मास्तर, टांगायचा माल मेरठहूनच येतो असं नाही.

बाजेवाला_नगर
🙏

केतकीचा_बाबा
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. मडगांवकार, ही पट्टी मी कशी ओळखणार? मला वाजवता येत नाही. खडकीकर, भोंग्याला पोचा चालतो म्हणालात, मग कुठला चालत नाही?

खडकीकर
तुम्ही पेटी वाजवायचात ना, मग झालंच काम. नेहमीचा ट्रंपेट बी फ्लॅटचा असतो. एकही पिस्टन न दाबता निघणारा त्याचा 'सा' म्हणजे पेटीची काळी पाच. त्याच बोटांनी, म्हणजे बोट न लावता, वरचा पंचम निघतो, ती पांढरी चार. मुख्य स्लाइड बोटाच्या पेराएवढी बाहेर असताना हे सूर जुळले तर पट्टी आजची. मोबाईलवर ट्यूनरचं अॅपही चालेल. पण वाजवणारा माणूस बरोबर न्याच. शाळेच्या सरांना पेट्रोल आणि जेवण द्या, साताऱ्याला येतील.

पोच्याचं असं, की नळी जितकी बारीक तितका पोचा महाग. भोंग्याच्या तोंडाशी अंगठ्याएवढा खड्डा असला तरी कानाला कळत नाही. तोच खड्डा लीडपाइपला असेल तर सूर अडतात. आणि पिस्टनच्या घरावर टाचणीच्या डोक्याएवढा असला तरी पिस्टन अडकतो, तो काढणं हे फार थोड्यांचं काम. भोंगा मानेपाशी वाकून सुरकुती पडली असेल तर तेही नको, तिथे पत्रा पुढे चिरतो.

प्राजक्ता_७
पोचे काढायला कसबा पेठेत तांबट आळी आहे की. पुण्यातच असून काय चिंता!

खडकीकर
ताई, भांड्याचा पोचा आतून हातोडी घालून काढतात. नळीत हातोडी कशी घालणार? तिच्यात पोलादी गोळे आणि वाकडे दांडे सरकवून, आतून दाब देत हळूहळू फुगवावी लागते. साधनंच वेगळी.

गंजलेला_खिळा
तांबटांनी हौसेनं भोंग्यावर मठार काढून दिली तर? पुण्यातला पहिला ठोक्याचा ट्रंपेट.

प्राजक्ता_७
मी तरी घेईन तो!

धातूवाला
पितळ कसं वागतं याचा एक किस्सा, थोडं अवांतर. ब्रिटिशकाळात हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची. ठेवलेली असायची तबेल्यांत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पत्रा ओढून-दाबून बनवताना पितळात साचलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. कारणाचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. पावसाळ्याच्या मोसमात होतं म्हणून इंग्रजीत त्याला आजही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. उपाय साधा होता, घडवल्यावर पितळ तापवून ताण सोडवायचा.

म्हणून वाद्य कुठे ठेवलेलं होतं हेही विचारा. गोठ्याच्या माळ्यावर दहा पावसाळे काढलेल्या वाद्याच्या भोंग्याची कड आणि डाकाचे सांधे उजेडात धरून बघायला हवेत.

जर्सीकर_जोशी
धातूवाले, इकडे फरशी पुसायच्या द्रावणात अमोनिया असतो. ट्रंपेटची केस मोपच्या कपाटातून आत्ता हलवली.

अवली_अण्णा
अहो ज्यानं धागा काढला तो गेला कुठे? शनिवारी जाणार होता ना?

केतकीचा_बाबा
आलो, आलो. काल साताऱ्याहून परतलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी फुकटात शिकवलंत.

सर आले बरोबर. केतकीही. घर छान, माणूसही गोड बोलणारा. ट्रंपेट टेबलावर मखमलीत मांडून ठेवलेला. सरांनी नमस्कार केला आणि पहिलं काय केलं, तर तिन्ही पिस्टन काढून स्वतःच्या रुमालाला पुसले. रुमाल काकवीत बुडवल्यासारखा झाला. खडकीकर, तुम्ही समोर उभे असल्यासारखं वाटलं मला. पातळ तेल घालून परत तपासलं. मधला 'पॉक्', पहिला आणि तिसरा मुके.

मुख्य स्लाइड निघेना, म्हणून आतून बघता आलं नाही. तिसरी तर हललीच नाही. सरांनी जोर लावला नाही, म्हणाले, आपला नाही, आपण कशाला मोडायचा. मग लीडपाइप खिडकीपाशी नेला. ठिपके गोल, मध्ये काळा बिंदू, धातूवाल्यांनी वर्णन केलेत तसेच. आम्ही पॉलिश लावलेलं फडकं नेलं होतं, त्यांच्या परवानगीनं चार हात मारले. ठिपके जागच्या जागी. विकणारा परत म्हणाला, चिंचेचे. सर म्हणाले, "चिंचेला एवढीच नळी बरी सापडली."

१८ चे १२ झाले, मग १०. आम्ही उठलोच.

चपला घालताना आतल्या खोलीतून काका बाहेर आले. हेच ते बँडमधले. इतका वेळ आत बसून ऐकत होते बहुधा. त्यांनी केतकीला विचारलं, "वाजवणार तू?" ती हो म्हणाली. ओठ दाखव म्हणाले, दात बघितले (खरंच!), आणि पुतण्याला कपाटावरची लाकडी पेटी काढायला लावली. आत कॉर्नेट. काळा ठिक्कर, चांदीचा मुलामा असावा, भोंग्याला दोन पोचे. माउथपीस नव्हतं. सरांच्या पिशवीत कॉर्नेटचं एक असतं नेहमी, ते लावलं.

तिन्ही पिस्टन 'पॉक्'. सगळ्या स्लाइड हलल्या, जरा कुरकुरत. मुख्य स्लाइड काढून आत बघितलं तर डाग नाही. मडगांवकार, पट्टी आठवणीनं तपासली. काळी पाच तंतोतंत, पांढरी चारही. सरांनी खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवले, मग काकांनी मागून घेऊन दोन ओळी वाजवल्या आणि दम लागला म्हणून ठेवला. ९ हजारांना घेतला. पुतण्याचा चेहरा जरा उतरला होता, पण कॉर्नेट काकांचा होता.

सर म्हणाले, बोटं तीच, सूर तेच, आणि आखूड बांध्यामुळे आठवीतल्या मुलीला धरायला ट्रंपेटपेक्षा बरा. बरोबर आहे ना? आता माउथपीस घ्यायचंय. ट्रंपेटचं चालेल का? ते सहज मिळतंय.

खडकीकर
नाही चालणार. कॉर्नेटच्या माउथपीसची दांडी बारीक असते. ट्रंपेटचं जेमतेम टोकाशी अडकेल आणि डगडगेल. उलट केलं तर खोल जाऊन बसेल. कागद गुंडाळून जुळवू नका. कॉर्नेटचंच मागा, आणि मुलामा शाबूत असलेलं घ्या, ओठाला उघडं पितळ लागायला नको.

व्यवहार झकास झाला. काळं पडलंय त्याची काळजी करू नका.

बाजेवाला_नगर
काकांनी दात बघितले ते बरोबरच. पुढचे दात वाकडे असतील तर माउथपीस नीट टेकत नाही. आमच्याकडेही पोरगा ठेवताना आधी तेच बघतात.

एक करा. वाजवण्याआधी धुवून घ्या. पिस्टन, स्लाइड सगळं सोडवून कोमट पाण्यात. गरम पाणी नको. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आतून फिरवायचा लांब लवचिक ब्रश मिळतो तो फिरवा. जुन्या वाद्यातून काय काय निघतं ते बघून जेवण जाणार नाही, तेव्हा जेवून मग करा.

तिखटमीठ
म्हणजे शेवटी सॅक्सोफोन नाहीच.

मडगांवकार
नाहीच.

केतकीचा_बाबा
मदत! माउथपीस आलं. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी धुतला, कोरडा केला, तेल घातलं. आता वाजतच नाही. केतकीचे गाल लाल झाले, मी फुंकलं, हवाच पुढे जात नाही. भिंतीत फुंकल्यासारखं वाटतंय. काल सरांकडे उत्तम वाजत होता. मी मोडला का?

खडकीकर
काही मोडलेलं नाही. पिस्टन परत काढा, अंगावर १, २, ३ आकडे कोरलेले असतील. घरावरचे आकडे जुळवा. फुंकणाऱ्याच्या बाजूचा पहिला. बसवल्यावर खाचेत 'टिक्' होईपर्यंत हलकेच फिरवा.

केतकीचा_बाबा
पहिला तिसऱ्याच्या घरात होता. वाजला.

गंजलेला_खिळा
एनओसी?